‘पाणी’ आणि ‘पानी’ मोजण्यापूर्वी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. तालुक्याच्या गावातली तरुण, मध्यमवयीन आणि म्हातारी माणसं वेगवेगळं मराठी कशी बोलतात, हा प्रश्न अगदी करण्याजोगा आहे. गावाची निवडही योग्य आहे. माझी काळजी ‘वय’ या शब्दाबद्दल आहे. हे कारण म्हणून तू फार सहज वापरतोस. सत्तरीची बाई ‘पानी’ म्हणते आणि तिची नात ‘पाणी’ म्हणते, तेव्हा त्या दोघींमध्ये पन्नास वर्षांखेरीज शाळा असते, नोकरी असते, माहेर-सासर असतं आणि रोज कोणाशी बोलावं लागतं हेही असतं. यातलं नेमकं काय काम करतंय हे वेगळं काढता आलं, तरच अभ्यास झाला.

याचा धडा १९६३ सालच्या एका अभ्यासात मिळतो. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर विल्यम लबोव्ह यांनी ६९ जणांच्या बोलण्यातले दोन जोडस्वर (एका स्वरातून दुसऱ्यात सरकणारे स्वर) तपासले. बेटाचा खास जुना उच्चार सर्वांत जास्त म्हाताऱ्यांत असायला हवा होता. प्रत्यक्षात तो ३१ ते ४५ वयाच्या लोकांत सर्वाधिक निघाला. बेटावरच राहायचं ठरवलेले, बाहेरून येणाऱ्या उन्हाळी पाहुण्यांपासून स्वतःला वेगळं मानणारे लोक तो उच्चार ठासून करत होते. बेट सोडून जाण्याच्या विचारात असलेल्यांत तो कमी होता. म्हणून वयाबरोबर ‘पुढे कुठे राहायचंय?’ हा प्रश्नही तुझ्या यादीत हवा.

आता माणसं. तीन वयोगट (१८ ते २५, ३५ ते ५०, साठीच्या पुढचे), स्त्री-पुरुष, आणि दहावीपर्यंत शिकलेले व त्यापुढे शिकलेले, असे बारा कप्पे होतात. प्रत्येकात चार माणसं धरली तर ४८. गटांमध्ये मुद्दाम दहा वर्षांची फट ठेव, म्हणजे काठावरची माणसं कुठे घालायची हा घोळ होत नाही. साठीपुढच्या, दहावीपुढे शिकलेल्या चार बाया लहान गावात मिळणं अवघड असतं. तो कप्पा शेवटी रिकामा राहिला म्हणून निवृत्त शिक्षिकाच चारही घ्यायच्या, असं करू नकोस. शिक्षिकेची भाषा हा तिच्या पेशाचा भाग असतो. दोनच मिळाल्या तर दोनच घे आणि तसं लिही.

वय विचारताना आधारकार्डावरच्या तारखेवर विसंबू नकोस. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही जन्मतारीख घेऊन कितीतरी माणसं आयुष्यभर वावरतात. वर्षही पुढेमागे झालेलं असतं. त्यापेक्षा घटनांचा आधार घे. कोयनेचा भूकंप झाला (डिसेंबर १९६७) तेव्हा शाळेत जात होता का, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, किल्लारीच्या वेळी (सप्टेंबर १९९३) लग्न झालं होतं का. दोन-तीन उत्तरं जुळली की वय दोन-तीन वर्षांच्या फरकाने हाती लागतं, आणि माणूस बोलताही होतो.

बोलतं होणं हीच खरी अडचण आहे. तुझं बोलणं शहरी आहे. तू ‘पाणी’ म्हटलंस की समोरचाही दहा मिनिटं जपून ‘पाणी’ म्हणेल. म्हणून पहिली पंधरा मिनिटं मोजणीत धरायचीच नाहीत. शक्यतो एकट्याची मुलाखत घेऊ नकोस. दोन मैत्रिणी किंवा दीर-भावजय एकत्र बसव, त्या एकमेकींशी बोलू लागल्या की तुझा विसर पडतो. गावातला एखादा जोडीदार बरोबर घे आणि बरेचसे प्रश्न त्यालाच विचारू दे. विषय काढायचे ते जत्रा, पूर, विहिरीत पोहायला शिकणं, लहानपणचे खेळ. ‘तुम्ही कसं बोलता?’ हा प्रश्न आधी विचारलास तर रेकॉर्डिंग तिथेच वाया गेलं असं समज. तो शेवटी ठेव. शब्दांची यादी वाचून घ्यायची असेल तर तीही शेवटी. वाचताना माणूस शाळेत बसल्यासारखा बोलतो, आणि तोच फरक तुला टिपायचा आहे.

रेकॉर्डिंग लपून कधीही करायचं नाही. परवानगी आधी घ्यायची, अठराखालच्यांच्या बाबतीत पालकांचीही. कॉलरचा माइक तोंडापासून वीतभर खाली लाव आणि पंखा बंद करायला सांग. फाईल एमपीथ्रीमध्ये न ठेवता वेव्हमध्ये ठेव. एका चॅनेलचं साध्या दर्जाचं रेकॉर्डिंग तासाला तीनशे एमबीच्या आसपास होतं, म्हणजे ४८ तासांचे साधारण पंधरा जीबी. दोन प्रती दोन ठिकाणी.

एक तास उतरवून घ्यायला सहा ते आठ तास लागतात. ४८ तासांचा गुणाकार करून बघ, पूर्ण वेळ बसलास तरी दीड-दोन महिने त्यातच जातील. उच्चारांसाठी प्रत्येकाची मधली वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. उतरवताना आपल्या लिपीचा एक दोष लक्षात ठेव: ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च ती सारखाच लिहिते. ‘चमचा’तल्यासारखे दंत्य (दातांजवळ उच्चारले जाणारे) च, ज, झ यांच्याखाली नुक्ता (टिंब) देऊन वेगळे दाखव, नाहीतर पुढे ते सापडणार नाहीत. आणि ऐकलं तसंच लिही. हात सवयीने शुद्धलेखन करतो. ‘व्हतं’चं ‘होतं’ कधी झालं हे कळतही नाही.

आता मोजणी. इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून सविस्तर लिहितो. ण आणि न घे. ‘पानी’ किती वेळा आलं हे मोजून काहीच कळत नाही. जिथे जिथे ण येऊ शकला असता ती प्रत्येक जागा मोजायची आणि त्यातल्या किती जागी न आला ते बघायचं. समजा ८० जागांपैकी ५२ ठिकाणी न आला, तर ६५ टक्के. पण त्या ८० जागा धरण्याआधी चाळणी लावावी लागते. ‘घंटा’, ‘थंड’, ‘तोंड’ या शब्दांत पुढचा ट-ड मागच्या नासिक्याला, म्हणजे नाकातून येणाऱ्या वर्णाला, आपल्याजवळ ओढतो, तिथे बोलणाऱ्याला निवडच नसते. ते शब्द बाहेर. ‘आणि’सुद्धा बाहेर काढ, कारण त्याचं ‘अन्’ हे रूप एरवी काटेकोर ण उच्चारणारी माणसंही सर्रास वापरतात. ते मोजलंस तर सगळं गाव न बोलणारं ठरेल. ‘पण’ आणि ‘कोण’ इतके वारंवार येतात की एका माणसाकडून एका शब्दाची पाचच उदाहरणं घ्यायची असा नियम कर. नंतर ‘शिक्षण’, ‘आरक्षण’, ‘गुण’ यांचा कप्पा वेगळा ठेव. हे शब्द शाळेतून आणि कचेरीतून आले, ते बऱ्याचदा ण घेऊनच आले. एकच माणूस ‘शिक्षण’ आणि ‘पानी’ एका वाक्यात म्हणेल, आणि तुझ्या अभ्यासातला सगळ्यात बोलका पुरावा तोच असेल. उलट दिशेची उदाहरणंही स्वतंत्र टिप: ‘मन’चं ‘मण’, ‘लहान’चं ‘लहाण’. हसण्याची ती जागा नव्हे. आपल्या बोलीला कुणीतरी हसलं होतं, त्याची ती खूण आहे.

काही रूपं चूक वाटतील आणि ती चूक नसतील. कोल्हापूरकडची बाई ‘मी गेलो’ म्हणते ते तिथलं रीतसर स्त्रीरूप आहे. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. आधी गावाची घडी समजून घे, मग त्यात वयाप्रमाणे काय हलतंय ते बघ.

हललेलं दिसलं तरी लगेच ‘भाषा बदलतेय’ असं लिहू नकोस. तरुणांत ‘लय भारी’ जास्त आणि पन्नाशीत कमी, याचे दोन अर्थ होतात. एक, ही पिढी तेच घेऊन म्हातारी होईल. दोन, नोकरीला लागल्यावर तीही जपून बोलू लागेल आणि पुढची पोरं पुन्हा सैल बोलतील. मधल्या वयात प्रमाण घटतं आणि निवृत्तीनंतर पुन्हा वाढतं असं दिसलं तर दुसरी शक्यता धर. खरा निवाडा जुन्या नोंदींशी ताडूनच होतो. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ चा आहे, जरूर बघ. पण त्यातले बरेच नमुने बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे अनुवाद आहेत. अनुवाद करताना कोणी ओट्यावरच्यासारखं बोलत नाही.

गटांविषयी. जात विचारायची तर रेकॉर्डर बंद केल्यावर, आणि कशासाठी ते सांगून. नुसती जात लिहून काम भागत नाही. कामावर कोण असतं, अडीनडीला कोणाकडे जाता, सुटीच्या दिवशी कोणाबरोबर बसता, हे तीन प्रश्न त्याहून जास्त सांगतात. लेस्ली मिलरॉय यांनी बेलफास्टच्या कामगार वस्त्यांत हेच केलं: नातलग, शेजारी, कामावरचे आणि मोकळ्या वेळेतले सोबती एकच असतील तर माणसाला गुण जास्त, आणि असे घट्ट गुंतलेले लोक वस्तीची बोली सहसा जास्त धरून होते. आपल्या जवळचं उदाहरण सांगलीशेजारच्या कुपवाडचं. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की तिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना जवळजवळ एकसारखी झाली होती, शब्द मात्र प्रत्येक गटाने आपापले राखले होते. रोजचा व्यवहार भाषांना जवळ आणतो आणि घरचा उंबरठा त्यांना वेगळं ठेवतो, हे दोन्ही एकाच गावात घडतं.

‘अहो’ आणि ‘ए’ यांचा वेगळा तक्ता कर. वडिलांना ‘अहो बाबा’ की ‘ए बाबा’, नवऱ्याला नावाने हाक की नाही, हे तीन पिढ्यांत विचार. इथे वय कॅलेंडरचं नसतं, नात्याचं असतं: पंचविशीतला दीर चाळिशीतल्या वहिनीसाठी ‘भावजी’ असतो आणि ती त्याला ‘तुम्ही’ म्हणते. म्हणून तक्त्यात वयाशेजारी नात्याचा रकाना हवाच. लोक सांगतात ते आणि प्रत्यक्षात म्हणतात ते यांत फरक पडतो. विचारलेलं उत्तर आणि रेकॉर्डिंगमधलं संबोधन शेजारी शेजारी लिही.

पहिल्या दोन मुलाखती झाल्या की थांब, पुढच्या घेऊ नकोस. त्यांची ण-न ची मोजणी पूर्ण कर, वगळलेल्या शब्दांची यादी कारणांसह जोड आणि मला पाठव. चाळणीत चूक असेल तर ती दोन माणसांवर दुरुस्त करायला एक दुपार लागते.