विचारलंत म्हणून सांगते : सरांची ट्रंक

प्रश्न : आमच्या शाळेत बाहुलीनाट्य शिकवायला येणारे सर दिवाळीनंतर वारले. घरच्यांनी त्यांची पत्र्याची ट्रंक शाळेला दिली. आत चाळीसेक बाहुल्या आहेत, थोड्या कळसूत्री, बाकी हातमोज्याच्या. त्यांच्या उजव्या खिशात कायम असायचा तो सुईदोराही त्यातच निघाला. मुख्याध्यापक म्हणतात, काचेच्या कपाटात ठेवू. एक वयस्कर बाई म्हणतात, कलावंत गेला की त्याची बाहुली दुसऱ्यानं चालवू नये, गोदावरीत सोडावी. मुलं रोज विचारतात, ट्रंक कधी उघडायची? काय करावं?
– एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : बाई, तुम्ही सरांचं नाव लिहिलं नाहीत, पण सुईदोऱ्यावरून मी ओळखलं. मीही नाव छापत नाही. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर स्वतःचं नाव ठळक आलं की ते पेनानं खोडायचे.

मीही मास्तरीणच. तीसेक वर्षांपूर्वी दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राच्या शिबिराला आम्ही नाशिकचे काही शिक्षक उदयपूरला गेलो होतो. ही संस्था १९७९ पासून शिक्षकांना असं प्रशिक्षण देते. खरं सांगायचं तर मी तलाव बघायला गेले होते. सरांनी एकही तलाव पाहिला नाही. सुट्टी मिळाली की भारतीय लोककला मंडळात जाऊन कठपुतळीवाल्याच्या शेजारी उकिडवे बसायचे. बाहुलीकडे त्यांचं लक्षच नसे, त्याच्या बोटांकडे बघत राहायचे.

आता विसर्जनाचं. त्या बाई अगदीच निराधार बोलत नाहीत. राजस्थानातले बाहुल्या नाचवणारे भाट जुनी कठपुतळी प्रार्थना करून नदीत सोडतात. पण जुनी म्हणजे झिजलेली, कामातून गेलेली. चालती बाहुली कुणी नदीत सोडत नाही. तिच्यावर पोट असतं. शिवाय सरांच्या बाहुल्यांत स्पंज आहे, ऑइलपेंट आहे. गोदेत आधीच काय कमी पडतंय!

काचेचं कपाटही मला पटत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी चक्क गोठ्यात कळसूत्री आणि चित्रकथीचं, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेचं, संग्रहालय केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं वस्तू मांडलेल्या आहेत, पण त्या घरात खेळही होतात. तुमचं कपाट ऑफिसात, शिपायाकडे किल्ली, म्हणजे वर्षभरात कसर लागणार.

तेव्हा ट्रंक उघडा. मुहूर्तच हवा असेल तर २१ मार्चला जागतिक बाहुलीनाट्य दिन असतो. शोकसभा घ्यायची तर घ्या, पण भाषणं दोनच ठेवा.

मात्र उघडायच्या आधी एक ऐका. कळसूत्रीचे दोरे कापू नका. ते चालवणाऱ्याच्या उंचीवर बांधलेले असतात. कोपरात हात वाकवून दोरे बांधलेली पट्टी धरली की बाहुलीचे पाय जमिनीला टेकायला हवेत. सर चांगले सहा फुटी, मी जेमतेम पाच. शिबिरात त्यांची बाहुली हातात घेतली तर ती मटकन गुडघ्यावरच बसली. मी घाबरले, वाटलं काहीतरी तोडलं. सर म्हणाले, ‘‘तिला काही झालं नाही, तुम्ही स्टुलावर चढा.’’ चढले, आणि ती उभी राहिली. त्या गाठींत त्यांच्या हाताचं माप आहे. आधी प्रत्येक दोऱ्याची लांबी वहीत लिहा, फोटो काढा. गुंता झाला असेल तर ओढाओढ न करता पट्टी खिळ्याला टांगा आणि पायाकडून सोडवत वर जा. मुलांसाठी आखूड दोऱ्यांच्या वेगळ्या बाहुल्या करा. सरांच्या बाहुल्या उंच माणसानं चालवाव्यात, नाहीतर तुम्ही बाकावर उभ्या राहा.

दुसरं, तोंडं. कागदाचा लगदा ते चिंचोक्याच्या खळीत कालवायचे आणि कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचे. मोरचूद विषारी असतं. जिथं रंगाचे पापुद्रे उडालेत ती तोंडं आधी रंगवून घ्या, तोवर लहानांच्या हाती देऊ नका. कपडे सुती असतील तर उसवून धुवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा शिवा. सुईदोरा आहेच.

जाता जाता एक. ज्ञानेश्वरीत बाहुल्याला ‘साइखडे’ म्हटलंय. आपल्या निफाड तालुक्यात सायखेडा आहे, आणि शालिमारला परशुराम साईखेडकर नाट्यगृह. या नावांचा बाहुल्यांशी काही संबंध असेलच असं नाही, पण सर दरवेळी मुलांना त्या पाटीखाली उभं करून सांगायचे, ‘‘बघा, आपल्या नावाचं थिएटर.’’ मुलांना ते खरंच वाटे. मी एकदा टोकलं, तर दोन दिवस बोलले नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. शाळेत बाहुल्यांचा खेळ करणारे सर गेले, हे मी त्याला सांगितलं. तो रडला नाही, पण रोज विचारतो, ‘‘पोपटाचा आवाज आता कोण काढणार?’’ काय सांगू?
– एक आई, सिडको

उत्तर : गेले म्हणून सांगितलंत ते बरं केलंत. गावाला गेलेत म्हणाला असतात, तर तो वाट बघत बसला असता.

हे सर तेच, पोपटावरून कळलं. आवाजाची एक गोष्ट सांगते. कठपुतळीवाले तोंडात छोटी शिट्टी धरून बाहुलीचं बोलणं काढतात, तिला ‘बोली’ म्हणतात. शब्द नीट कळत नाहीत म्हणून शेजारी ढोलकीवर बसलेली बाई अर्थ सांगते. सरांनी उदयपूरहून ती शिट्टी आणली होती. पण अर्थ सांगायला बाई कुठून आणायची? मी नाही म्हटलं. मग त्यांनी नाकातून बोलणारा पोपट काढला.

एका गॅदरिंगला त्यांचा घसाच बसला. पडद्यामागं त्यांनी चौथीतल्या एका मुलाला जवळ ओढलं. हात सरांचा, आवाज त्या पोराचा. पुढं बसलेली पोरं ओरडली, ‘‘हा तो पोपट नाही!’’ पोरगं सरांकडे न बघताच म्हणालं, ‘‘मला सर्दी झालीये.’’ मग पुढचा अख्खा खेळ सर्दी झालेल्या पोपटानं केला.

तुमच्या मुलाला ही गोष्ट सांगा, आणि एक जुना मोजा द्या. पंचवटीच्या बाई, ट्रंकेत बघाल का? हिरव्या मोज्याचा आहे, एक डोळा शर्टाच्या बटणाचा.