‘साभार : गूगल’ लिहिलं की झालं?

प्रश्न : आठवीची मुलं प्रकल्पवहीत इंटरनेटवरचे फोटो चिकटवतात आणि खाली ‘साभार : गूगल’ लिहितात. कॉपीराइट त्यांना कसा समजवावा?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आधी ‘गूगल’ खोडायला लावा. गूगल फोटो शोधून देतं, काढलेला असतो दुसऱ्याच कुणीतरी. मूळ पान उघडून फोटोग्राफरचं नाव, पानाचा पत्ता आणि तारीख लिहून घ्यायची. अंबाबाईचं देऊळ शेकडो वर्षांचं, पण काल काढलेल्या त्याच्या फोटोवर हक्क काढणाऱ्याचा. मुलं नेमकी इथं गोंधळतात.

मग प्रत्येकाला रंकाळ्याचा एक फोटो किंवा चित्र स्वतः काढून आणायला सांगा. भित्तिपत्रकावर मात्र दुसऱ्याचंच लावायचं, तेही त्याच्या लेखी होकारानं. कुठं लावणार, किती दिवस, कापणार का, हे चिठ्ठीत हवं. एखादा ‘नाही’ म्हणेलच, त्याला समजावू नका. नोंदणी न करता, © न लावता त्याला हा हक्क कुठून मिळाला, ते विचारा. निर्मितीबरोबरच तो मिळतो.

मुदतीचं गणित फळ्यावर मांडा. हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावर आणि चित्रांवर निर्मात्याच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या अशा चित्रांची मुदत २०१४ अखेर संपली. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांसाठी २०३६ संपेपर्यंत थांबायचं.

तुरुंगाची भीती घालू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिकवण्या-शिकण्यासाठी शिक्षक-विद्यार्थ्यांना मुभा देतं, त्यामुळे वहीतला फोटो हा गुन्हा नव्हे. तोच फोटो वार्षिकांकात छापायचा किंवा शाळेच्या यूट्यूबवर टाकायचा, तर परवानगी लागते. खाली नाव दिलं म्हणून ती मिळाली असं होत नाही, आणि मोठ्यांचीही गल्लत होते ती इथंच.

प्रश्न : स्नेहसंमेलनात नाटक बसवायचं, तर लेखकाची परवानगी हवी का?

उत्तर : शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी आणि शिक्षकच काम करणार आणि प्रेक्षकही शाळेतले, पालक व शाळेशी संबंधित असतील, तर नको. बाहेर तिकीट लावलंत किंवा चित्रीकरण नेटवर टाकलंत, तर हवी. ती तालमीआधीच मागा. पत्रात तारीख, ठिकाण, प्रयोगांची संख्या आणि चित्रीकरण करणार का, हे लिहा.