सीट बुक करायची घाई नको

प्रश्न: मुलीला इंजिनिअरिंगच्या सीईटीत ७८ पर्सेंटाइल आलेत, घर कापसावर चालतं. एजंट म्हणतो मॅनेजमेंट कोट्यातली (कॉलेज स्वतः भरतं ती) सीट आत्ताच बुक करा. काय करू? (एक पालक, पारोळा)

उत्तर: दादा, त्याला एक रुपयाही देऊ नका. प्रवेश कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच) घ्या, कारण मॅनेजमेंट कोट्यात फी-सवलत मिळत नाही आणि कॅपमधून गेलं की उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींची ट्यूशन फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, ही फार मोठी गोष्ट आहे हो. पसंतीच्या यादीत जळगावचं सरकारी कॉलेज वर टाका, कटऑफ जास्त असला तरी टाकायला काय जातं, मग शिरपूर, धुळे, बांभोरीची कॉलेजं. ब्रँच मात्र पोरीला विचारूनच. होस्टेल, मेसचा खर्च वेगळा धरा. उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका.