गोव्यात स्वतंत्र घर आहे. चोरांपासून राखण म्हणून कोणत्या जातीचा कुत्रा पाळावा?

तुम्ही लिहिलंय की शिरोड्याजवळ घर घेतलंय, दोघंही पणजीला नोकरीला जाता, जवळच चोरी झाल्यापासून झोप लागत नाही, आणि रॉटवायलर घ्यावा की जर्मन शेफर्ड ते ठरत नाहीये. दोन्ही नकोत. गावठी घ्या, आणि मादी घ्या. जातीबद्दल माझं उत्तर एवढंच. पण पुढे "चोराला धरून ठेवील असा कुत्रा हवा" असं जे लिहिलंय त्यावर बोलल्याशिवाय मला राहवत नाही, कारण हेच वाक्य मी आमच्या घरात दर चतुर्थीला ऐकत आलेय.

आमचं घर फोंडा तालुक्यात, कुळागराला म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेला लागून. कौलारू, मधे राजांगण, मागे न्हाणी आणि कोठार. राणी नावाची तांबूस गावठी कुत्री होती, सासूबाईंनी वाड्यावरून, म्हणजे गावातल्या वस्तीतून, पिल्लू असताना आणलेली. तिचं भुंकणं आम्हाला पाठ होतं. माकडं आली की धावत, तुटक तुटक. साप दिसला की सूर चढवत, पाय मागे घेत. परका माणूस आला की संथ, छातीतून, न थांबता. पहाटे पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत यायचा, त्याच्याकडे ती मान वर करूनही बघत नसे.

जत्रेची रात्र होती. मोठे भावोजी मुंबईहून सहकुटुंब आले होते. मुलं कुत्र्याला घाबरतात म्हणून आल्या दिवशीच त्यांनी राणीला गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधायला लावलं. ती रात्री मोकळी असते, हे सासूबाईंनी सांगितलं, मीही सांगितलं. ऐकलं नाही. आमचे हे कुंडईला रात्रपाळीवर. आम्ही पालखी बघून परतलो तेव्हा देवळाकडे नाटक चालू होतं, लाउडस्पीकर घरापर्यंत ऐकू येत होता.

उत्तररात्री राणी भुंकायला लागली. संथ, छातीतून. सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या, "राणी उगीच भोंकना गो." म्हणजे उगीच भुंकत नाही ती. मी बॅटरी घेऊन मागच्या दाराशी गेले, अडसर काढला. तेवढ्यात भावोजी उठून आले. म्हणाले, नाटकाच्या आवाजाला भुंकतेय, आणि रात्रीचं बायकांनी दार उघडायचं नाही. अडसर परत घातला. खिडकीतून तिच्यावर ओरडले, मग तिच्या अंगावर पाणी फेकलं. ती थांबली नाही. आवाज बसेपर्यंत भुंकत राहिली.

सकाळी कोठाराचं कुलूप तुटलेलं. सोलून ठेवलेल्या सुपारीची पोती गेली, न्हाणीतला पाणी तापवायचा तांब्याचा मोठा हंडा, म्हणजे भाण, गेला, आणि सासूबाईंच्या माहेरच्या दोन समया गेल्या. तो भाण एकट्याने उचलण्यासारखा नव्हता, म्हणजे माणसं दोन तरी होती आणि त्यांना सावकाश काम करायला मिळालं होतं. राणीची साखळी खांबाभोवती गुंडाळून ताठ झाली होती, मानेवरचे केस जाऊन कातडी सोलली होती. मी तिला सोडवत असताना सासूबाई रिकाम्या कोनाड्याकडे बघत उभ्या होत्या. समयांबद्दल त्या कधीच काही बोलल्या नाहीत.

पंचनामा झाला आणि जेवायला बसल्यावर भावोजी म्हणाले, "असली गावठी कुत्री पोसून काय फायदा? एकाला तरी चावली का? रॉटवायलर असता तर तंगडी धरली असती." साखळीला बांधलेला रॉटवायलर कोणाची तंगडी धरणार होता, हे मी तेव्हाच विचारलं. तुम्हालाही तेच विचारते.

कुत्र्याने घरच्यांना उठवायचं, पुढचं घरच्यांनी करायचं. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास, शिवाय लांबचा बारीक आवाजही त्याला आपल्या आधी कळतो. कौल सरकवलं, पोफळीच्या सुक्या झावळीवर पाय पडला, की आपण घोरत असताना त्याला समजलेलं असतं. एका घरचा भुंकला की पुढच्या घरचा भुंकतो, मग सगळा वाडा जागा होतो. चोराला वेळ हवा असतो. एक दिवा लागला, एका माणसाने हाक दिली की तो वेळ संपतो. पण दिवा कुत्रा लावू शकत नाही.

त्यानंतर राणीला रात्री कोणी बांधलं नाही. पुढच्या पावसाळ्यात एकदा तशीच भुंकली. आम्ही घरातले सगळे दिवे लावले, शेजाऱ्यांना फोन केला, ह्यांनी आवाज दिला. कुळागरातून कोणीतरी ओहोळाच्या बाजूने धावत गेलं. चोर होता की रात्रीच्या शिकारीला निघालेला कोणी, सांगता येत नाही. घरातलं काही गेलं नाही.

धरून ठेवणारा कुत्रा पोलिसांकडे असतो. तो महिनोन्‌महिने शिकलेला असतो, त्याचा हँडलर रोज त्याच्याबरोबर असतो. न शिकवलेला मोठा कुत्रा चावतो तो विजेचं मीटर बघायला आलेल्याला, नारळ काढायला आलेल्या पाडेलीला, नाहीतर शेजारच्या मुलाला. मग भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकावरच गुन्हा होऊ शकतो. रॉटवायलरचं तर बोलूच नका. २०२५ साली गोवा विधानसभेत हिंस्र जातींच्या कुत्र्यांना आळा घालणारं विधेयक मंजूर झालं, आणि पिटबुल, रॉटवायलर हीच नावं त्या चर्चेत पुढे होती. ही बातमी मी भावोजींना त्याच दिवशी पाठवली.

जर्मन शेफर्ड शहाणा प्राणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला दुहेरी केसांचा कोट असतो. आपला चार महिन्यांचा पाऊस आणि बाकीच्या दिवसांतला दमटपणा त्याला सोसत नाही. त्वचेला बुरशी लागते, गोचिड्या होतात, गोचिडीतून ताप येतो. दिवसभर घरी कोणी नसताना त्याचं रोजचं पुसणं-विंचरणं कोण करणार? गावठीलाही गोचिड्या होतात, पण तिचे केस आखूड, बोटांनी चाचपल्या तरी सापडतात. मादी घरापासून फार लांब भटकत नाही, नर माजावरच्या मादीमागे रात्र रात्र बाहेर असतात. नसबंदी मात्र करून घ्या, त्याने राखणीत काही कमी होत नाही.

बांधून ठेवू नका. सतत साखळीला असलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ती क्रूरता धरली आहे. आणि साखळीची लांबी चोर एका नजरेत मोजतो. रात्री तिला पडवीत किंवा दाराच्या आतल्या बाजूला झोपू द्या. एकाच भांड्यात, घरच्या माणसाच्या हातूनच खायची सवय लावा, कारण विष घातलेलं मांस टाकणं ही चोरांची जुनी पद्धत आहे.

आता तुमचा खरा प्रश्न, म्हणजे दोघंही दिवसभर बाहेर. भुंकणं ऐकायला कोणी नसेल तर कुत्री फार काही करू शकणार नाही. शेजाऱ्यांशी संबंध जोडा, त्यांच्या कुत्र्यालाही अधूनमधून पोळी घाला. मागच्या दाराला आतून अडसर, कौलांखाली लोखंडी जाळी, आवारात हालचालीवर लागणारा दिवा. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोच उचलून नेतात. चार दिवस बाहेर जाणार असाल तर पोलीस ठाण्यात सांगून जा, आणि कुत्रीला एकटीला बंद घरात सोडून जाऊ नका.

हे सगळं वस्तीतल्या घराचं झालं. सत्तरी, सांगे, काणकोण भागात किंवा कुठेही रानाच्या कडेला घर असेल तर रात्री कुत्रं बाहेर ठेवूच नका, बिबटा अंगणातून उचलून नेतो. आणि गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं असलं तरी दरवर्षीची लस चुकवायची नाही.

पावसाळा संपल्यावर, थंडीच्या सुमाराला वाड्यावाड्यांवर पिल्लं असतात. आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ राहू द्या, मग आणा, आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची पहिली लस द्या.