आमचे सगळ्यांचे वाढदिवस १ जूनला

ताई, तुम्ही अंबाजोगाईच्या. मिस्टरांना श्टुटगार्टला नोकरी लागलीय, लेकरू चार वर्षांचं, त्याचा पाचवा वाढदिवस जर्मनीत येणार. "तिकडं वाढदिवसाला माणसं येतात का, का आम्ही तिघांनीच केक कापायचा?" एवढाच तुमचा प्रश्न. दोन ओळी लिहून झोपणार होतो. आता रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि मी अजून लिहितोय, तेव्हा समजून घ्या.

व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी यांबद्दल काही लिहीत नाही. ते वकिलातीच्या साइटवर आहे, उरलेलं कंपनीतलं कुणीतरी सांगेल. वाढदिवसाचं मात्र कुणी सांगत नाही.

मी औसा तालुक्यातला. डिसेंबर २०११ मध्ये डॉर्टमुंडजवळच्या एका कारखान्यात लागलो. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं, ते ३१ मे २०१२ ला संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून आला, हात पुढं केला आणि अभिनंदन म्हणाला. मागून दुसरा आला, तिसरी आली. मला वाटलं, नोकरी पक्की झाली म्हणून आलेत. मीही छाती फुगवून "डांके, डांके" करत सगळ्यांशी हात मिळवले. दुपारी तीनला एका बाईनं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, केक कुठाय? तेव्हा ट्यूब पेटली. माझा वाढदिवस होता. निदान कागदावर तरी.

इथं ज्याचा वाढदिवस, त्यानंच केक आणायचा. ऑफिसात आणायचा, बालवाडीत पाठवायचा. दुसऱ्यांनी आपल्यासाठी काही करावं म्हणून वाट बघत बसलात तर संध्याकाळ होते.

पण मी विसरलो ते जर्मन रीत माहीत नव्हती म्हणून नाही. १ जून माझा वाढदिवस नाहीच. तुम्हाला हे समजावून सांगायला नको, तुमच्या घरातही दोन-चार १ जूनवाले असतीलच. बापानं लेकराला शाळेत नेऊन उभं करायचं, मास्तरांनी विचारायचं, "जन्म कधीचा?" बाप म्हणणार, "पोळ्याच्या आसपासचा." मास्तर लेकराकडं बघणार, वर्षांचा हिशेब जुळवणार आणि १ जून टाकणार. आमच्या वर्गात निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मली होती. मला तर मास्तरांनी चांगलं सात महिन्यांनी मोठं केलं, पहिलीत बसावा म्हणून. मी खरा जन्मलो येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात करतात त्या सणाच्या, पाचव्या दिवशी. पंचांग काढून बघितलं तर जानेवारी १९८४ निघतो.

तुमच्याकडंही येळवस करतात, त्यामुळं आमची आई तारीख कशी लक्षात ठेवायची ते तुम्हाला कळेल. शेतात कडब्याची कोप घातली, भज्जी-आंबील-उंडे खाऊन सगळे घरी आले, त्याच्यानंतर पाच दिवस मोजायचे. त्या दिवशी सकाळी अंघोळ झाली की पाटावर बसवून ओवाळायची. निरांजन, सुपारी, तिच्या बोटातली अंगठी, हातावर गूळ. झालं. शाळेत कुणाला सांगायचं नाही, कारण शाळेत मी १ जूनचा.

तर लेकराच्या वाढदिवसाचं. पाच वर्षांचा होतोय ना, मग साधारण पाच पोरं बोलवा. जितकं वय तितकी पोरं असा इथं ठोकताळा आहे. आख्खा वर्ग बोलवायचा नसतो. त्याच्या हातानं कार्डं करून घ्या आणि त्यावर सुरू व्हायची वेळ लिहा, तशी संपायचीही लिहा. तीन ते सहा, असं. आईबाप लेकराला दारात सोडून जातात आणि सहाच्या ठोक्याला न्यायला येतात. त्यांच्यासाठी स्वयंपाक करू नका. खेळात एक पातेल्याचा खेळ असतो: डोळे बांधून, हातात लाकडी चमचा देऊन पोराला रांगायला लावतात, जमिनीवर आपटत आपटत पातेलं शोधायचं, खाली चॉकलेट. खालचे भाडेकरू वर यायच्या आत संपवा. जाताना प्रत्येक पोराला खाऊची छोटी पिशवी. फुगे लावा, पण तोंडाला केक फासू नका. आमच्या भाच्याच्या वाढदिवसाचा तसला व्हिडिओ ऑफिसात दाखवला होता. सगळे शांत झाले, मग एकानं विचारलं, त्याचं काय चुकलं होतं?

आणि हे मात्र फार महत्त्वाचं. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत. अजिबात नाही. अपशकुन मानतात. ज्यांना कशाचाच अपशकुन वाटत नाही असली माणसं या एका बाबतीत आपल्या आजीसारखी वागतात. आदल्या दिवशी भेटलात तर "उद्या देतो" म्हणतील, पण शब्द तोंडातून काढणार नाहीत.

हे मला २०१९ पर्यंत माहीत नव्हतं. सात वर्षं राहून! लेक त्या ऑगस्टमध्ये पहिलीत गेली होती. वाढदिवस सोमवारी आला, म्हणून आम्ही आपल्या हिशेबानं दोन दिवस आधीचा शनिवार धरला. वर्गातल्या चोवीसही पोरांना मोबाइलवर निमंत्रण: संध्याकाळी सहा वाजता, जेवायलाच या. संपायची वेळ लिहिली नाही, आपल्यात कोण लिहितं? बायकोनं चाळीस माणसांचा पुलाव टाकला. पोरं आली पाच. एक आई दारातच विचारायला लागली, किती वाजता न्यायला येऊ? मी म्हणतोय, अहो आत तरी या, जेवून जा, आणि ती घड्याळ दाखवतेय. एका भेटीवर चिठ्ठी चिकटवलेली: "सोमवारी उघड." मेणबत्त्या विझल्या, आम्ही दोघं टाळ्या वाजवतोय, पोरं बिचारी एकमेकांकडं बघतायत, कुणी गाणं म्हणेना. रात्री लेक झोपताना म्हणाली, "बाबा, मला कुणीच विश का नाही केलं?" मला सांगता आलं नाही. मलाच माहीत नव्हतं. पुलाव मंगळवारपर्यंत पुरला.

आपली माणसं तर याच्या बरोबर उलट. भारतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा उन्हाळी वेळेनं इथं आदल्या दिवशीचे साडेआठ असतात. लातूरहून चुलतभावंडांचे फोन सुरू होतात, मागं फटाके, आणि लेक पांघरुणातून म्हणते, "अजून माझा झाला नाही." पहिल्या वाढदिवसाला तर धाकट्या भावानं औशात तिचा फ्लेक्स लावला होता. वर आमदारकीला इच्छुक असलेले एक दादा, कोपऱ्यात पासपोर्टएवढी आमची लेक. ती मोठी झाल्यावर फोटो बघून विचारते, हे काका कोण? तुमच्याकडं चौकात तलवारीनं केक कापणारे असतीलच, त्यांच्या मानानं आमचा भाऊ सज्जन.

लेकीची तारीख अजून सांगितली नाही. ३० सप्टेंबर २०१३. तुम्ही आमच्या भागातल्या, पुढचं मी न लिहिताही तुम्हाला कळेल. १९९३ ला बरोबर त्याच तारखेला पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले होते तेव्हा, किल्लारीचा भूकंप झाला. मी नऊ वर्षांचा होतो. आईची धाकटी बहीण आणि तिची दोन लेकरं त्यात गेली. आमचं घर उभं राहिलं, पण आम्ही पुढं कितीतरी महिने अंगणात पत्र्याखाली झोपलो. त्या दिवशी आमच्या घरात गोड होत नाही. वीस वर्षांनी त्याच तारखेला इथल्या दवाखान्यात नात झाली म्हणून मी फोन केला तर आई आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "एक दिस पुढं ढकलता आलं नसतं का रे?" हसावं का रडावं कळेना. तेव्हापासून ती नातीला १ ऑक्टोबरला ओवाळते, व्हिडिओ कॉलवर, फोनच्या काचेसमोर निरांजन फिरवून.

आईचं ते वाक्य मला सहा वर्षांनी परत आठवलं. आमच्या राज्यात, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये, ३० सप्टेंबरपर्यंत ज्याला सहा पूर्ण होतात त्यानं त्याच वर्षी १ ऑगस्टपासून शाळेत गेलंच पाहिजे. आमची लेक त्या रेघेवरची शेवटची. एक दिवस उशिरा जन्मली असती तर वर्षभर थांबली असती. मी शाळेत जाऊन विनवण्या केल्या की अहो, सहा पूर्ण व्हायला दोन महिने आहेत, घरात मराठी बोलतो, एक वर्ष द्या. उत्तर मिळालं की तब्येतीचं गंभीर कारण असेल तरच. तारीख आहे ती आहे. आमच्या मास्तरांनी पेनाच्या एका फटक्यात मला सात महिने हलवलं होतं हो. इथं एक दिवस हलेना.

वर्गात सगळ्यात लहान ती. पहिलीचं अर्धं वर्ष झालं आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद, म्हणजे जर्मन कानावर पडायची तीही घरात आमच्या मराठीत बुडाली. चौथीत इथं शिक्षक ठरवून सांगतात की मूल पुढं कुठल्या प्रकारच्या शाळेत शोभेल. गिम्नाझियम म्हणजे विद्यापीठाची सरळ वाट, रेआलशूले मधली. बाई म्हणाल्या, हुशार आहे पण अजून खेळकर आहे, रेआलशूले बरी. अहो, नऊ वर्षांची पोरगी खेळकर नसेल तर काय असेल? तिच्या शेजारी बसणारी पोरगी तिच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठी होती!

आता खरं काय ते सांगतो. आमच्या राज्यात ती शिफारस बंधनकारक नाही. आईबाप नाही म्हणू शकतात. आम्ही तसं म्हणालो नाही. लातूरला अकरावी-बारावीला एकेका मार्कासाठी पहाटे चारला उठून बसलेला मी, पण कॉलर ताठ असलेल्या बाई समोर बसल्या की माझं जर्मन अडखळतं, आणि मी मान डोलावली. बायकोनं टेबलाखाली पाय मारला होता, तरी डोलावली. लेक आता सातवीत आहे, मजेत आहे, हँडबॉल खेळते, तिच्या लेखी हा विषयच नाही. माझ्याच डोक्यातून जात नाही.

एकटं वाटतं का, असंही शेवटी विचारलंत. वाटतं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा घरातले सगळे दिवे लावायचे आणि भाकरी थापायला घ्यायची. ज्वारीचं पीठ तुर्की दुकानात नाही मिळालं तर भारतीय दुकानात मिळेल. याहून जास्त त्यात काही नाही.

कागदाचं लिहिणार नाही म्हणालो होतो, पण एक लिहितो. लेकीच्या जन्मदाखल्यासाठी इथल्या कचेरीला माझा जन्मदाखला हवा होता. ग्रामपंचायतीत माझी नोंदच नाही. मग अनुपलब्धतेचा दाखला, टी.सी., प्रतिज्ञापत्रं. भारतातले दाखले इथं नुसत्या शिक्क्यावर चालत नाहीत, प्रत्यक्ष पडताळणी होते. सात महिने गेले. तोवर लेकीच्या दाखल्यावर बापाच्या नावापुढं शेरा: ओळख सिद्ध झालेली नाही. दरम्यान पडताळणीचा वकील आमच्या गावात गेला. शाळेचं जनरल रजिस्टर बघितलं, शेजाऱ्यांना विचारलं आणि मग ओसरीवर बसून आईला विचारलं, "मावशी, मुलाचा जन्म कधीचा?" आई सरळ म्हणाली, "येळवशीच्या पाचव्या दिशी." भाऊ चहाचा कप तसाच ठेवून धावला. कसंबसं निभावलं. त्या रात्री मी फोनवर आईला पहिल्यांदा आवाज चढवून बोललो. म्हटलं, कुणीही विचारलं तरी १ जूनच सांगायचं, नाहीतर माझी नोकरी जाईल. नोकरीचा काही संबंध नव्हता. भावानं पुढं महिनाभर तिच्याकडून ते घोकून घेतलं.

दाखला मिळाला. शेरा गेला.

गेली तीन वर्षं आई मला १ जूनला फोन करते. "वाढदिस ना आज तुझा, गोड केलं का सुनंनं?" मी हो म्हणतो. ऑफिसात केक नेलेलाच असतो, तोच दाखवतो. या येळवशीला शेतातून भावाचा व्हिडिओ आला, आई कोपीपुढं बसून भज्जी वाढत होती. पाचव्या दिवशी मी फोन उशाशी घेऊन बसलो. आला नाही. संध्याकाळी मीच केला, ज्वारी कशी आलीय, गुडघा कसा आहे, एवढं बोललो. आठवण करून द्यायची हिंमत झाली नाही.

असो. तुमच्या श्टुटगार्टच्या राज्यात शाळेची ती रेघ ३० सप्टेंबरला नाही, ३० जूनला आहे. आणि तुम्ही लेकराचं वय लिहिलंत, महिना लिहिला नाहीत. मे-जूनचं असेल तर बालवाडीत नाव घालतानाच या गोष्टीचं विचारून ठेवा. कुठल्या महिन्यातलं आहे?