वाचक विचारतात: पत्रा कुठला, यापेक्षा त्यावर काय आहे ते बघा

प्रश्न : माझा पुतण्या मालदीवमध्ये समुद्रकाकडीच्या (समुद्रतळावरचा मऊ, काकडीच्या आकाराचा प्राणी) हॅचरीत, म्हणजे बीज तयार करण्याच्या केंद्रात, नुकताच लागलाय. नवे कोरे प्लॅस्टिकचे नालीदार पत्रे ब्लीचिंगने लख्ख धुऊन टाकीत सोडले, तरी अळ्या त्यांवर बसत नाहीत. फायबरचे पत्रे घ्यावेत का? आणि हे वेंगुर्ल्यात करता येईल का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पुतण्या आधी कोळंबीच्या हॅचरीत होता का? मीही तिथलाच, म्हणून विचारतो. ब्लीचिंगचा हात आमच्या अंगवळणी पडलेला असतो. इथे नेमका तोच आड येतो.

सँडफिश नावाच्या समुद्रकाकडीची अळी साधारण दहा-बारा दिवस पाण्यात तरंगत सूक्ष्म शैवाल खाते. मग पिंपासारखी आखूड होते. या अवस्थेत ती खात नाही, फक्त जागा शोधते. जागा पटली की पाच स्पर्शिका फुटतात आणि ती चिकटून चरू लागते. कोऱ्या पत्र्यावर चरणार काय? फायबर असो वा प्लॅस्टिक, त्यावर नाव्हिक्युला, नित्झशियासारख्या डायटमचा (एकपेशीय सूक्ष्म शैवालाचा) तपकिरी, बुळबुळीत थर हवा. पावसाळ्यात आपल्या कातळावर पाय घसरतो ना, तसला. त्यासाठी पत्रे गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात, उन्हात, थोडं खत देऊन चार-पाच दिवस आधी ठेवायचे. घाई असेल तर स्पिरुलिना या सूक्ष्म शैवालाच्या भुकटीची पातळ पेस्ट ब्रशने फासून सावलीत वाळवायची. पत्रे टाकीत उभेच लावा, आडवे लावले की वर गाळ साचतो. पिंप-अवस्था दिसू लागली की लगेच सोडा.

खरं तर निसर्गातही निवड अशीच चालते. सोलोमन बेटांवरच्या प्रयोगांत (2000 साली प्रसिद्ध) या अळ्यांनी वाळू आणि प्रवाळाचे तुकडे सोडून समुद्री गवताची पानं पसंत केली. वाळूत त्या नंतर, काही मिलिमीटर वाढल्यावर उतरतात.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. थराबरोबर कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले बारीक जीव, शिरले, तर ते चारा फस्त करतात आणि कोवळ्या पिल्लांनाही इजा करतात. पाणी बारीक गाळा. सगळी स्वच्छता त्या गाळणीत दाखवा म्हणावं.

वेंगुर्ल्याचं उत्तर सरळ आहे : नाही. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने 1988 मध्ये या जातीचं बीज तयार केलं होतं, पण 2001 पासून भारतात सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या यादीत, आहेत. जाळ्यात आलेली काकडीसुद्धा परत सोडावी लागते.