एसएसडीच्या डबीत ब्रिज चिप कोणती आहे, याने खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की एनव्हीएमई एसएसडीसाठी (पट्टीसारखी, वेगवान एसएसडी) यूएसबीने जोडायची बाहेरची डबी घेताना आतली ब्रिज चिप (यूएसबी आणि एसएसडी यांच्यातला दुभाषा) बघायची, की चांगली एसएसडी टाकली की काम झालं. चिप बघा. आधी तीच बघा. "डबीत काय असतं एवढं" हे वाक्य मी वर्षभर घरात ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी आणि माझा मोठा भाऊ मिळून व्हिडिओ एडिटिंग करतो. एका कामाचं सगळं फुटेज डबीतल्या १ टीबी एसएसडीवर होतं. एका रात्री त्यावर आणखी फाइल चढवत असताना ड्राइव्ह गायब झाला. परत जोडला तर फाइल सिस्टिम बिघडलेली, आणि एका अख्ख्या दिवसाच्या क्लिप उघडेनात. कार्डं तोवर पुढच्या शूटला वापरून झाली होती. दादाने एसएसडीचे स्मार्टचे, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतो ते, आकडे काढले. 'अनसेफ शटडाउन' (आधी निरोप न मिळता वीज किती वेळा तुटली) समोर ४१ होता. तेवढ्यावर निकाल लागला: मी इजेक्ट न करता ड्राइव्ह उपटतो. मी केबलला हातही लावला नव्हता, पण आकड्यापुढे माझं कोण ऐकणार?

मग मी पुढचे आठ दिवस याच कामाला लागलो. रिकाम्या एसएसडीवर ४०० जीबीची कॉपी लावली आणि लिनक्सचा कर्नल लॉग (यंत्रणेची नोंदवही) उघडून शेजारी बसलो. ७० जीबीच्या आसपास 'यूएएस'च्या (यूएसबीवरून ड्राइव्हशी बोलायची नवी, वेगवान पद्धत) अबॉर्टच्या, म्हणजे आज्ञा रद्द झाल्याच्या, ओळी यायला लागल्या, मग यूएसबी रीसेट, मग डबीचा दिवा विझला आणि पुन्हा लागला. अनसेफ शटडाउन ४२. केबल जिथल्या तिथे. डबी उघडली तर एसएसडीवर थर्मल पॅड व्यवस्थित चिकटवलेला, पण ब्रिज चिप बोर्डाच्या खालच्या बाजूला उघडीच. तिच्यावर बोट दोन सेकंद टिकेना. तीच एसएसडी मदरबोर्डच्या एम.२ स्लॉटमध्ये (अशा पट्टीची थेट जागा) लावली, तीच कॉपी केली, चेकसम जुळले, म्हणजे फाइल जशाच्या तशा उतरल्या. यूएएस बंद करून त्याच डबीतून केली, तर वेग पडला पण कॉपी पूर्ण झाली.

कारण समजण्यासारखं आहे. संगणक यूएसबीवरून एससीएसआय या जुन्या ड्राइव्ह-भाषेतल्या आज्ञा पाठवतो, एसएसडीला मात्र एनव्हीएमईच कळतं. मधला सगळा अनुवाद ब्रिज चिप आणि तिचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) करतं. यूएएसमध्ये एकाच वेळी अनेक आज्ञा रांगेत असतात, त्यामुळे कच्चं फर्मवेअर तिथेच अडकतं. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच आज्ञा जाते, म्हणून ते हळू पण तग धरतं.

खरी गोष्ट मला शेवटी सापडली. मी दहा वेळा रीतसर इजेक्ट केलं, डबीचा दिवा शांत होईपर्यंत थांबलो, मग केबल काढली. आकडा दहाने वाढला. म्हणजे ती चिप वीज जाण्याआधी एसएसडीला 'आता बंद हो' हा निरोप देतच नव्हती. दुसऱ्या चिपच्या डबीत दहाच्या दहा वेळा आकडा जागचा हलला नाही.

आता तुमचा प्रश्न. १० जीबीपीएससाठी रिअलटेकची आरटीएल९२१०बी घ्या. ती एनव्हीएमई आणि साटा (जुना, हळू प्रकार) दोन्ही एम.२ चालवते. एएसमीडियाची एएसएम२३६२ आणि जेमायक्रॉनची जेएमएस५८३ याही चालतात, फक्त फर्मवेअर नवं हवं. २० जीबीपीएसची एएसएम२३६४ तुमच्या पोर्टला २×२ (यूएसबीची २० जीबीपीएसची पद्धत) येत असेल तरच घ्या, नाहीतर ती १० वरच चालेल. यूएसबी४ असेल तर एएसएम२४६४पीडी. खोक्यावर चिपचं नाव नसेल तर डबी जोडून यूएसबी आयडी (उत्पादकाचा क्रमांक) बघा: जेमायक्रॉनचा १५२डी, एएसमीडियाचा १७४सी, रिअलटेकचा ०बीडीए. काही डबीवाले स्वतःचा आयडी टाकतात, तेव्हा उघडून चिपवरचा नंबर मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचावा लागतो. एकाच मॉडेलमध्ये पुढच्या लॉटला चिप बदललेली असते, त्यामुळे कोणाच्या जुन्या रिव्ह्यूवर विसंबू नका. ट्रिम (कोणती जागा पुसली हा एसएसडीला निरोप) पोचतं का तेही तपासा.

हे आधी सांगायला हवं होतं: दोष दर वेळी चिपचाच असतो असं नाही. साध्या यूएसबी ३ पोर्टला ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट एवढीच हमी असते, आणि लिहिताना काही एसएसडी त्याहून जास्त ओढतात. केबल आणि पोर्ट बदलून पाहिल्याशिवाय डबी फेकू नका. तुमचा पोर्ट ५ जीबीपीएसचाच असेल तर वेगासाठी चिप निवडण्यात अर्थ नाही, टिकाऊपणासाठी आहेच. आणि डबी बदलण्याआधी डेटा दुसरीकडे काढा. काही ब्रिज सेक्टरचा आकार वेगळा दाखवतात, मग दुसऱ्या डबीत पार्टिशन दिसत नाही.

तुमच्याकडेही कोणी अनसेफ शटडाउनचा आकडा दाखवून तुम्हाला दोषी ठरवलं, तर वाद घालू नका. दहा वेळा त्यांच्यासमोर इजेक्ट करा आणि प्रत्येक वेळचा आकडा त्यांनाच लिहायला लावा. दादाने सातव्या वेळी पेन खाली ठेवलं.